रागिणीची पिवळी पट्टी

३ मार्च, सोमवार

पोचले बाई एकदाची! लातूरहून निघताना आईने चिवडा, लोणचं आणि शंभर सूचना बांधून दिल्या. सूचना नांदेड येईपर्यंत विसरले, चिवडा त्याआधीच संपला. वारंगा फाट्याला उतरले तर समोर ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या आणि सगळीकडे हळदीचा वास. इथल्या खासगी हळद प्रतवारी केंद्रात मी आता प्रोग्रामर आहे. मालक तातेरावशेठ स्वतः जीप घेऊन आले होते. केंद्राची झाडलोट आणि चहापाणी पाहणाऱ्या नर्मदाबाईंच्या घरामागची खोली मला मिळाली आहे. खिडकीशी कडुलिंब आहे. मी भलतीच खूश आहे.

५ मार्च

काम समजून घेतलं. शेतकरी हळदीचा नमुना मशीनखाली पसरतो, कॅमेरा एकेका हळकुंडाचा फोटो काढतो आणि प्रोग्राम प्रत ठरवतो. याला बराच वेळ लागतो. तोवर माणसं हॉलमध्ये भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसतात. पडद्यावर काही हललं नाही की त्यांना वाटतं, मशीन बंद पडलं. मग कोणीतरी उठून बटणं दाबतं आणि सगळं पहिल्यापासून! म्हणून पडद्यावर एक पिवळी पट्टी ठेवली आहे. काम होईल तशी ती भरत जाते. खाली ओळ येते, ‘आता तुमची हळद पाहत आहे. तोवर चहा घ्या.’

ही पट्टी माझ्या आधीच्या मुलीने, रागिणीने केलेली. तीही माझ्याच खोलीत राहायची. दोन दिवसांत तिचं नाव ऐकून कान किटले. ती कुठे गेली, असं विचारलं तर तातेरावशेठ म्हणाले, ‘गेली असंल घरी.’ नर्मदाबाईंनी विषयच बदलला.

१० मार्च

आज रागिणीचा कोड उघडला आणि हसू आवरेना. पट्टी चक्क खोटी आहे! ती घड्याळावर चालते. काम कुठवर आलं याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. संथपणे सरकत शेवटाजवळ जाते आणि खरं काम संपेपर्यंत तिथे गुपचूप थांबते. आणि या बाईचे म्हणे इतके गोडवे! मी आता खरी पट्टी लिहिली आहे. जेवढं काम झालं तेवढीच ती भरते. फोटो काढताना भराभर पळते, हळकुंडं एकमेकांशी ताडून पाहायची वेळ आली की अडते. अडणारच, काम तिथेच अडतं.

१२ मार्च

पुसेगावचे पुंजाजी म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत. माझी पट्टी मध्येच थांबली तसे उठून आले. ‘काहून अडकली वो ही? रागिणीबाईची कशी बराबर चालायची. मन लागत व्हतं तिच्यात.’ हॉलभर माना डोलल्या. तेवढ्यात कोणीतरी प्लगच उपटला. तातेरावशेठ म्हणाले, जुनीच लावा.

अंगाचा तिळपापड झाला. ती खोटं दाखवते आणि लाडकी, मी खरं दाखवते आणि नकोशी! जिला कधी पाहिलंही नाही तिचा इतका हेवा वाटतो आहे की ताट तसंच ठेवून उठले. मला तिची नुसती खुर्ची नको. तिच्या वाट्याचं सगळं प्रेम हवं.

१५ मार्च

जुनी पट्टी लावली. फाइलवर तिचं नाव होतं, ते पुसून माझं, ‘दिपा’ असं घातलं आणि शेठना सांगितलं, नवीन केली. पुंजाजी म्हणाले, ‘आता जमलं बघ पोरी.’ दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

संध्याकाळी टीव्ही बंद करायला गेले तर पट्टीखाली आणखी एक पट्टी होती, दोऱ्याएवढी बारीक. जराशी भरलेली. मशीनवर कोणाचीच हळद नव्हती. मी कोड दोनदा चाळला. ही पट्टी त्यात कुठेच नाही.

१९ मार्च

नर्मदाबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला. मला साखर सढळ लागते, तरी आवडीने प्यायले. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘रागिणीबी असाच पेत व्हती.’ दुपारी पुंजाजींनी मला रागिणीबाई म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली. मग असा संताप आला! राबायचं मी, नाव तिचं.

तेव्हा पडद्याकडे पाहिलं. बारीक पट्टी माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकली. खाली ओळ आली — ‘आता तुमचा आवाज नेत आहे. तोवर चहा घ्या.’

२२ मार्च

आईचा फोन. ती म्हणाली, घसा बसलाय का, ओळखूच येईनास.

फाइल पुसली. टीव्हीची वायर काढली. आता ती बारीक पट्टी माझ्या मोबाइलवर आहे. ही खोटी नाही. घड्याळावर चालत नाही. कोणी रागिणीचं कौतुक करतं, मी जळते, आणि ती सरकते. तेवढीच. जेवढा हेवा तेवढी.

२४ मार्च

ठरवलं. हेवा करायचाच नाही. लोक तिच्याबद्दल बोलले, मीही हो ला हो केलं. पट्टी दिवसभर जागची हलली नाही. मग तातेरावशेठ सहज म्हणाले, तिच्यासारखी पोरगी पुन्हा मिळायची न्हाई —

‘आता तुमचा चेहरा नेत आहे.’

रागिणीचा फोटोसुद्धा मी पाहिलेला नाही. तरी आरशात पाहिलं आणि ओळखली.

२६ मार्च

नर्मदाबाई गळ्यात पडून रडल्या. कुठं गेली व्हतीस माय, सांगितलं काहून न्हाई. दिपा कोण, त्यांना आठवत नाही. शेठ म्हणतात, ती लातूरची पोरगी न सांगता निघून गेली. पुंजाजींनी घरचा गूळ आणला. सगळे जीव टाकून राहिले माझ्यावर. हेच तर —

हेच मागितलं होतं मी.

पट्टी भरत आली. नखाएवढी जागा राहिली.

२७ मार्च

आईला फोन लावला. कोण बोलतंय म्हणाली. मी दिपा म्हटलं. ती हसली. दिपा तर कालच आली म्हणे, जेवून राहिली —

फोनवर आईच्या मागून हसू आलं. माझं हसू.

मी रडले, शपथा घातल्या. आई चिडली नाही. परक्या पोरीशी बोलावं तसं मायेनं बोलली. तिकडं जाऊन आमची लेक निवळली म्हणे. उलटून बोलत नाही. काल पाय चेपून दिले. असं सुख कधी दिलं नव्हतं तिनं —

पट्टी सरकली.

नाही. मला काही वाटलं नाही. वाईट नाही वाटलं. देवा, काही वाटू देऊ नको —

आई तिला आग्रह करत होती. अजून अर्धी भाकरी घे म्हणत होती, माझं सोनं म्हणत होती. मला कधी सोनं म्हटलं नाही. आई, ती मी नाही. आई, तुला ती माझ्यापेक्षा