कोरा फ्लॅश

५ जानेवारी, रविवार

मंडळाची बैठक. अकराची होती, सुरू झाली पावणेबाराला, कारण वडे आले नव्हते. विषय: माझ्या चाळीस वर्षांच्या फोटोंचं प्रदर्शन. 'आपली डोंबिवली, आपली माणसं'. अध्यक्ष दातार. बँकेतून निवृत्त झाल्यापासून या माणसाला संस्कृतीची फार काळजी लागली आहे. यापुढे नुसतं दा. लिहीन. पूर्ण नाव लिहायचे कष्ट त्याच्यासाठी नकोत.

दा. म्हणाला, तुम्ही या शहराचे साक्षीदार आहात. वाक्य कुठून तरी आणलेलं असावं, कागदात बघून म्हणाला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, एका हातात वडा असल्यामुळे मांडीवर.

मी तोंड वाकडं करून बसलो. पण बॅनरवर माझं नाव केवढं असणार, हे दोनदा विचारलं. हे इथेच लिहितोय, बाहेर कबूल करणार नाही. घरी येऊन सौ.ला सांगितलं, उगाच गळ्यात पडलेत. ती म्हणाली, मग सोडवून घ्या की गळा.

७ जानेवारी

माळ्यावरून निगेटिव्हचे खोके काढले. दिवसभर शिंका.

काय काय केलं या गावाने माझ्यापुढे. बारशी, मुंजी, साखरपुडे, साठीशांत, सोसायटीचा सत्यनारायण. गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धा: दरवर्षी चार झाशीच्या राण्या, एक भाजीवाली, आणि बक्षीस कायम सेक्रेटरीच्या पोराला. आता तर फोटोग्राफरही लागत नाही. मागच्या महिन्यात घोडबंदर रोडला भाच्याकडे गेलो होतो. खाली बागेत नवरानवरी लग्नाआधीच रंगीत धुरातून पळत होती, वर ड्रोन. चार वेळा पळवली. पाचव्यांदा नवरी रडली, तेही शूट केलं.

आमच्या धंद्यातली एक गंमत दा.ला सांगितलेली नाही. लग्नाचे रोल ठरलेले असायचे, तीन म्हणजे तीन. स्टेजवर चढणारे पाचशे, आणि प्रत्येकाला नवरानवरीबरोबर फोटो हवा. मग कॅमेरा डोळ्याला लावायचा, बटण दाबायचं नाही, डाव्या अंगठ्याने नुसता फ्लॅश उडवायचा. लख्ख उजेड पडतो, माणूस खूष होऊन जेवायला जातो. याला कोरा फ्लॅश म्हणायचो. डायरीत को.फ्ल. कोणाला खरा नि कोणाला कोरा, ते मुलीच्या बापाशी आधी ठरलेलं. त्याने मान हलवली की खरा, चष्मा पुसायला घेतला की कोरा. पुढे पुढे बापाकडे बघायचीही गरज उरली नाही. चपला बघून कळायचं.

म्हणजे अर्ध्या गावाला वाटतं की आपण काकांच्या खोक्यात आहोत. नाहीत. याची लाज कधी वाटली नाही, हसू मात्र पुष्कळदा आलं.

१२ जानेवारी, रविवार

दा.ने सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं: 'तुमचाही जुना फोटो काकांकडे असेल, जरूर भेटा.' झालं. सकाळी नऊपासून जिन्यात माणसं.

एकाला स्वतःच्या मुंजीच्या फोटोत डोक्यावर केस हवे होते. मुंजीच्या! एक बाई म्हणाल्या, आमचा फोटो प्रदर्शनात लावा, फक्त जाऊबाईंना कापा. जाऊबाई बरोबर मधोमध, मांडीवर या बाईंचाच मुलगा. मुलाचं काय करू विचारलं तर म्हणाल्या, तेवढा राहू दे.

तीनचार जण असे आले ज्यांचे फोटो नाहीतच. शोधतो म्हणून वाटेला लावले. दोन दिवसांत विसरतील, त्यांना काय.

१४ जानेवारी, संक्रांत

चार वाजता एक बाई आली. वैशाली. चाळिशीच्या आसपास. दिव्याला राहते, ठाण्याला नौपाड्यात दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. तीनला येते म्हणाली होती. टँकर आला, पाणी भरल्याशिवाय निघता येईना, म्हणून आधी माफी मागितली. हातावर तिळगूळ ठेवून पाया पडली. मला वाटलं, आली आणखी एक जाऊबाईंना कापणारी.

तिची आई केळकरांकडे धुणंभांडी करायची. ब्याण्णव साली केळकरांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा आईबाबा आणि ही सहा वर्षांची, तिघं हॉलवर गेले. स्टीलचा डबा दिला, स्टेजवर उभे राहिले, मी फोटो काढला. पुढच्या वर्षी आई काविळीने गेली. दुसरा फोटोच नाही. आईबाबांचं लग्न गावी झालेलं, तिथे कुठला फोटोवाला. केळकरांच्या अल्बममध्ये हिने बघितलं, नाही. ते म्हणाले, निगेटिव्ह फोटोग्राफरकडे असणार. वडिलांना माझ्याकडे यायचा धीर कधी झाला नाही. आता तेही नाहीत. पितृपक्षात वडिलांचा फोटो ठेवतात आणि शेजारी आईच्या जागी नारळ. हिची मुलगी विचारते, आजी कशी होती? हिला सांगता येत नाही.

मी म्हटलं, सहाव्या वर्षीचं इतकं कसं आठवतं?

म्हणाली, "आईचा चेहरा नाही आठवत, काका. तुमचा आठवतो. चिमणी बघ म्हणालेलात मला."

शोधून ठेवतो म्हणालो. तिळगूळ खाल्ला नाही, तसाच टेबलावर आहे.

१५ जानेवारी

केळकरांचं पाकीट सापडलं. तीन रोल, सगळ्या पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरून बघितल्या. एकेक फ्रेम, दोनदा. नाही.

मग त्या सालची डायरी काढली. जसंच्या तसं उतरवतो:

'केळकर लग्न. रोल ३. दातार बँकवाले सहकुटुंब, खरा. मग को.फ्ल. वीसेक. भांडीवालीपण चढली स्टेजवर, नवऱ्या-पोरीसकट. केळकरांनी चष्मा पुसला. पोरीचे पुढचे दात पडलेले, तोंड मिटेना, चिमणी दाखवून मिटवलं. उगाच मेहनत.'

अक्षर माझंच. तेव्हा चांगलं होतं. तीन वेळा वाचलं.

१६ जानेवारी

सौ.ला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, तिला खरं सांगा.

"काय सांगू? तुझी आई मला फिल्म घालवायच्या लायकीची वाटली नाही, असं?"

"हो. तेच."

चौतीस वर्षं या बाईने माझ्या धंद्यात तोंड घातलं नाही, आणि आता घातलं ते हे.

संध्याकाळी दा. बॅनरचा नमुना घेऊन आला. माझं नाव त्याच्या नावाहून लहान. त्याला सहज विचारलं, लोक फोटो मागतात आणि नसला तर काय सांगायचं? म्हणाला, बुरशी लागली म्हणायचं, इथल्या दमट हवेत कोणालाही पटतं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचा काही उपयोग झाला. सौ. आतून ऐकत होती. चहा आणला, दा.ला दिला, माझा कप आतच राहिला.

१९ जानेवारी, रविवार

वैशालीला फोन केला. म्हटलं, सापडली पण बुरशी लागली आहे. सगळं गेलंय. फार वाईट वाटतं. आवाजात दुःखही आणलं, या धंद्यात ते जमतंच.

म्हणाली, "असू दे बुरशी. तीच द्या. काहीतरी दिसेल ना."

मी म्हटलं, काही दिसत नाही. म्हणाली, चालेल. सव्वीसला सुट्टी आहे, सकाळी येते.

इतकी वर्षं लोकांना उल्लू बनवलं, कोणी असं कोपऱ्यात गाठलं नव्हतं. तिने गाठलं ते विश्वास ठेवून. त्याचाच राग येतो आहे. दिवसभर सौ.वर काढला.

२३ जानेवारी

केळकरांच्या तिसऱ्या रोलची एक पट्टी बुरशीने खरोखरच खाल्ली आहे. त्यातली एक फ्रेम: नवरानवरीच्या बाजूला दोन मोठे डाग, पुढ्यात एक लहान. चेहरे साफ गेलेले. जरा कपाळ, जरा हनुवटी, साडीचा काठ.

कोण आहेत ते मला माहीत आहे. को.फ्ल. सुरू व्हायच्या आधीची शेवटची खरी फ्रेम. दा., त्याची बायको, आणि त्यांचा मुलगा, जो आता कॅनडात आहे. दातारीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, जरा बारीक दिसेन असा काढा.

फ्रेम कापून पाकिटात घातली. वर 'वैशाली' लिहिलं. अजून दिलेली नाही, म्हणजे अजून मी काही केलेलं नाही, अशी स्वतःची समजूत काढली. सत्तरी उलटलेल्या माणसाने स्वतःच्या हातून इतक्या स्वस्तात फसू नये.

२६ जानेवारी, रविवार

खाली सोसायटीचं झेंडावंदन. ध्वनिक्षेपक बिघडला तरी सोसायटीचे चेअरमन वीस मिनिटं बोलले.

वैशाली दहाला आली. ठरवून ठेवलं होतं की आधी बोलायचं, मग पाकीट. तिने पाकीट टेबलावर बघितलं, स्वतःचं नाव वाचलं आणि घेतलं. निगेटिव्ह खिडकीशी धरली. कडेने धरली, बोटं लागू न देता. हे मी शिकवलं नव्हतं, दवाखान्यात एक्सरे असेच धरतात म्हणाली.

बराच वेळ बघत होती. मग माझ्याजवळ आणून विचारलं, "यातली आई कुठली, काका?"

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. तोंड उघडलंही.

"डावीकडची," म्हणालो.

रडली नाही. सौ.कडे पाणी मागितलं. सौ.ने आणून दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. पाकीट पर्समध्ये ठेवताना वैशाली मला म्हणाली, तुम्ही देवमाणूस आहात.

आजच्या पानावर याहून जास्त लिहीत नाही.

२९ जानेवारी

दा.चा फोन, उत्साहाने ओसंडून. वैशाली मंडळाच्या ऑफिसात गेली होती. आईचा फोटो प्रदर्शनात लावाल का म्हणून विचारायला. दा.ने लगेच स्कॅन करून घेतला, चार फुटी प्रिंट काढायला टाकली. समोरच्याच भिंतीवर, आत शिरल्या शिरल्या. शीर्षक 'आई'.

धावत गेलो. प्रिंट आलेली. दा. स्वतःच्याच पोटासमोर उभा राहून हळहळत होता. "काळाने चेहरा नेला, माया राहिली." हेही कागदात बघून. एरवी आठवडाभर हसलो असतो.

म्हटलं, काढा हे, फोटो म्हणून यात काही नाही. माझे बाकीचे बघा, चाळीस वर्षांचं काम आहे. म्हणाला, अहो, हाच तर प्रदर्शनाचा आत्मा! बाकीचे लोक बघतील, याच्यासमोर थांबतील. वर दोन ओळींचा मजकूर माझ्याकडून हवा, माझ्या सहीने.

चाळीस वर्षं. खऱ्या फ्रेमा हजारोंनी. आणि थांबणार कुठे, तर इथे.

दा.ला खरं सांगितलं तर? आधी स्वतःची बायको चार फुटी लागली म्हणून खूष होईल, मग गावभर करेल. त्याची भीती नाही. गावाची पत्रास मी कधी ठेवली नाही. तिला कळेल, एवढंच.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या दहाला उद्घाटन. दुपारी हॉलवर गेलो, सौ.पण आली. मंडळाचे आठ जण, खिळा ठोकणारा एक, बाकीचे डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं सांगणारे.

अर्धा दिवस काम करून वैशाली नौपाड्याहून परस्पर आली. मुलगी बरोबर, पंधरा वर्षांची, कानात वायरी. दोघी त्या चार फुटांसमोर उभ्या राहिल्या. मुलीने वायरी काढल्या.

वैशाली म्हणाली, "आता आठवायला लागलंय, काका. कपाळ असंच होतं. मला तेल लावताना वाकायची ना, तेव्हा असंच दिसायचं."

मग मुलीचा चेहरा प्रकाशाकडे वळवला आणि मला विचारलं, हनुवटी आजीसारखीच आहे ना? खिळेवाला थांबला. दा. रुमाल काढून तयार. सौ. माझ्याकडे बघत होती, आठवड्यात पहिल्यांदा.

हो म्हणालो. मुलगी हसली. हनुवटीला हात लावून बघत होती नंतर.

उद्या वैशाली सासूबाईंनाही आणणार आहे, त्यांना दाखवायला.

घरी आल्यापासून दा.चे तीन फोन, ओळी पाठवा, आठच्या आत छापायला द्यायच्या आहेत. लिहायला बसलो. सुरुवात तिच्या आईच्या नावाने करायची, मग पुढचं सुचेल असं वाटलं. आणि लक्षात आलं की नाव मला माहीत नाही. तेव्हा विचारलं नव्हतं. आता वैशाली तीनदा माझ्यासमोर येऊन बसली, उभी राहिली, तरी विचारलं नाही. डायरीत बघितलं, तिथे भांडीवाली.

वैशालीला फोन करायला हवा. सौ.ला नंबर शोधून द्यायला सांगितला. तिने दिला. म्हणाली, नुसतं नाव विचारायला करणार असाल तर करू नका.