संदीपच्या गाडीची उजवी बाजू

१५ सप्टें., सोम.
संदीपचा फोन. सौ.ला. माझ्याशी, बापाशी, पाडव्यापासून बोलत नाही. खंडेनवमीला येतो म्हणाला, गाडी न्यायला. पुण्यात अशा गाड्यांचे प्रदर्शन आहे, तिथे मांडणार.
गाडी म्हणजे कपाटावरची, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची. सहा चाके, करडा रंग, मधे नारिंगी पट्टा. पुस्तकात बघून केलेली नाही, त्याच्याच डोक्यातली. कुठे चालते ही, असे एकदा विचारले होते. म्हणाला, "जिथं चालते तो ग्रह अजून सापडायचाय, आण्णा."
पाडव्याला पाहुण्यांसमोर मी बोलून गेलो, चाळिशी आली तरी खेळणी सुटेनात. तो गाडी तिथेच ठेवून निघून गेला. बोलायला नको होते. रोज तेच डोक्यात.

१६, मंगळ.
गाडी खाली काढली. सहा महिन्यांची धूळ, फटींत कोळ्याची जाळी. अशी हातात दिली तर म्हणेल, आण्णांनी टाकूनच दिली होती. फडक्याने निघत नाही.
बत्तीस वर्षे साखर कारखान्यात फिटर. दर ऑफ सीझनला अख्खे मिल हाऊस उघडायचो, साफ करायचो, गळिताच्या आधी बसवायचो. ही तर हातभर गाडी. उघडावी काय?
बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. दुसरी घेतली नाही.

१७, बुध.
उघडली. कारखान्याच्या रीतीने. जो तुकडा निघाला त्याच्यावर ओल्या खडूने आकडा, आतल्या अंगाला. एकूण १८६. पुन्हा मोजले तर १८५. एक मांडीखाली सापडला. सगळे पाटीत ठेवले. उद्या ब्रशने साफ करून उलट्या आकड्यांनी बसवायचे.

१८, गुरु.
काय लिहू.
सकाळी दवाखान्यात गेलो. आलो तर घट बसायच्या आधीची धुणी चाललेली. गोधड्या, डबे, देवाची भांडी. आणि ती पाटी. सगळे तुकडे साबणाच्या पाण्यात.
सौ. म्हणाली, "सगळं घर धुतीय, तेवढंच कशाला ठिवू? बघा कसं चकाकतंय."
"अगं, खडू होता त्याच्यावर."
"व्हय की. लई घासावं लागलं."
मी फार बोललो. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली, "मला सांगितलं हुतं का?"
नव्हते सांगितले.

२०, शनि.
पावसाने काही वाळत नाही. तुकड्यांच्या पोटात पाणी. आठवेल तसे लावायला बसलो. चाके बसली. त्याच्या पुढे काही सुचेना. संदीपला सांगून टाकावे का. सौ. म्हणते, मी सांगू? नको म्हणालो.
संध्याकाळी तिच्या मोबाईलमध्ये पाडव्याचा फोटो सापडला. पंगतीच्या मागे कपाट, कपाटावर गाडी. डावी बाजू साफ दिसते. उजवी भिंतीकडे.

२५, गुरु.
डावी बाजू झाली. पाच दिवस लागले. सौ. फोटो मोठा करून धरते. "नारिंगीच्या खाली काळं हाय. काळं वो, करडं न्हाई." तिची नजर चांगली, माझी गेली.
उजवी कशी होती? सहा महिने घरात होती. मी एकदाही फिरवून बघितली नाही.

२८, रवि.
उजवी मनानेच. डावीसारखी करायला गेलो तर तुकडे पुरेनात, म्हणजे ती तशी नव्हतीच. उरलेल्यांत बारीक पट्ट्या निघाल्या, त्यांची दाराखाली शिडी केली. आतला माणूस उतरणार कसा? कारखान्यात प्रत्येक टाकीला शिडी, धरायला कठडा.
तीन तुकडे उरले. मशीन जोडून झाल्यावर नट उरला तर पुन्हा उघडावे लागते. पुन्हा उघडायचा धीर नाही. रुमालात बांधून खिशात ठेवले.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
पाटावर माझे पाने, हातोडी, सौ.ची विळी. तिने गाडी आणून मधोमध ठेवली. "गाडीच हाय ना ती? मग पूजा नको व्हय?" हळद-कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले. डाग पडेल म्हणालो, ऐकले नाही. मी डावी बाजू पुढे करून घेतली.
संदीप चारला आला. पाया पडला. "बरे आहात?" एवढेच. पाटाकडे बराच वेळ बघत राहिला. हात पुढे केला तशी सौ. म्हणाली, "आज न्हाई. आज हत्यारं बसल्यात. उद्या उचल."
एक दिवस मिळाला.
जेवताना म्हणाला, "लई स्वच्छ दिसतीय." सौ. खाली बघून वाढत राहिली. मी सांगायला तोंड उघडले आणि पाणी मागितले.

२ ऑक्टो., गुरु., दसरा
उठलो तर पाटावरची गाडी नाही. संदीप बाहेर ओट्यावर, गाडी मांडीवर, उजवी बाजू वर. शिडी काढून बाजूला ठेवलेली, अख्खी. एक नळीसारखा तुकडा उजेडाकडे धरून आत बघत होता. आत ९४ राहिला होता. तिथे साबण पोचला नाही.
"आण्णा, हा नऊ तुमचा ना?"
त्याच्या शाळेच्या वह्यांवर आकडे मीच घालायचो. नऊला लांब शेपूट.
"व्हय," म्हणालो. मग सगळे सांगितले. धुणी, फोटो, सगळे. रुमाल सोडून तीन तुकडे त्याच्यापुढे ठेवले.
तो उजवी बाजू एकेक तुकडा करून काढू लागला. प्रदर्शन परवा. चेहऱ्यावरून काही कळेना. सौ. दारात येऊन परत गेली.
बऱ्याच वेळाने, मान वर न करता, "खडू कुठंय?"
आणून दिला. कशाला, विचारले नाही.
हे लिहितो आहे तेव्हा तो ओट्यावरच आहे. शिडी बाजूलाच. फेकली नाही, अजून लावलीही नाही.