काहिलीतलं 'व्हय'

आप्पा,

परवा नातू मोबाईलवर परदेशातलं कुठलंसं तळं दाखवत होता. निमुळती नाव, काठावर तंबू, चुलीवर चहा. मी म्हटलं, "हे आमच्या आप्पांनी कधीच केलंय, गुळाच्या काहिलीतनं." पोरगं हसून हसून लोळलं. मलाही हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच.

गिरणीत कारकून होता तुम्ही. रद्दीतल्या इंग्रजी मासिकात असलंच चित्र सापडलं आणि डोक्यात घेतलंत. एकदा घेतलं की संपलं! दिवाळीच्या सुट्टीत वळसंगला मामाकडं गेलो. दुष्काळात लोकांनी खडी फोडून बांधलेलं तळं तेव्हा पहिल्यांदा भरलं होतं, मधोमध लिंबाची झाडं असलेला उंचवटा तेवढा कोरडा. नाव कुठली आणणार? मामाचं गुऱ्हाळ अजून पेटलं नव्हतं, तिथली रस उकळायची लोखंडी काहील तुम्ही पाण्यात सोडलीत. भीमेकाठची माणसं हिच्यातनंच नदी ओलांडतात की, म्हणालात. आई कडाडली, "येड लागलंय का तुमास्नी? पोरीला तरी ठेवा हितं." पण मी आधीच आत जाऊन बसले होते.

संध्याकाळ झकास गेली, ते मान्य करते. उंचवट्यावर ताडपत्रीचा तंबू, भाकरी, शेंगाचटणी, आणि पाण्याचा आवाजसुद्धा नाही. तुम्ही इतकं बोलता हे मला तिथं कळलं.

सकाळी परत निघालो आणि वारं सुटलं. गोल काहील ती, एका बाजूनं वल्हवलं की पुढं न जाता जागच्या जागी फिरते. तुम्ही लाकडी फावड्यानं पाणी मारताय, काठ कधी समोर, कधी पाठीमागं. लाट कडेवरून आत येतेय, मी तांब्यानं उपसतेय. पाणी माझ्या घोट्यापर्यंत चढलंय. मी वैतागून म्हणते, "आप्पा, सोडा ते, पोहत जाऊ. मला येतंय." मामाच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकले होते मी, तोऱ्यात होते. तुम्ही हात थांबवता. चेहरा पांढराफटक.

"मला येत न्हाई."

आप्पा, असा राग आला ना तुमचा! पोहता येत नाही आणि पोरीला घेऊन निघाले तळ्यात! पण भांडायला सवड नव्हती. तुम्ही माझं मनगट धरलंत, दुखेल इतकं.

"नीट ऐक. मी पडलो तर सरळ काठाला जायचं. माझ्याकडं यायचं न्हाई. बुडणारा माणूस मिठी मारतो, सोडत न्हाई. तवा मी तुझा बाप नसतो. कळलं?"

मी मनगट सोडवायला लागले.

"व्हय म्हण."

"आप्पा..."

"व्हय म्हण आधी!"

"व्हय," मी म्हणाले.

तुमचा चेहरा एकदम सैल पडला. फावडं ठेवलंत, तळाला बसलात, मलाही बसवलंत. "वाऱ्याशी भांडून काय उपेग न्हाई," म्हणालात. वाऱ्यानं काहील गरागरा फिरवत भलत्याच काठाला, बाभळीच्या जाळीत नेऊन घातली. हातापायांना काटे भरले. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, "एक चप्पल कुटं हाय तुझी?" आईला काही सांगायचं नाही, एवढं ठरलं. पुढं तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. मीही नाही.

का नाही, ते सांगते. तुम्ही वाचलात याचा आनंद होताच. पण मी 'व्हय' म्हटल्यावर तुम्हाला जे हायसं वाटलं ना, ते मला डाचलं. वाटलं, यांनी ते लगेच खरं मानलं. आपली पोरगी बापाला बुडताना सोडून जाईल, हे यांना पटलं! लग्नात तुम्ही रडलात तेव्हाही माझ्या मनात तेच होतं, शेवटच्या आजारात तुमचं तोंड पुसतानाही तेच. आता मलाही लेक आहे, नातू आहे. त्या काहिलीत तुमच्या जागी मी असते तर मीही मनगट धरून 'व्हय' म्हणवून घेतलं असतं, आणि ऐकून मलाही हायसं वाटलं असतं.

हे कागद पाठवणार कुठं! फाडून टाकीन. पण एकदा लिहिते. ते 'व्हय' खोटं होतं, आप्पा. मी काठाला गेले नसते.