शहाऐंशीव्या वर्षी कसला धक्का?

टॉटनहॅम, लंडन
मंगळवार, सकाळी (फ्रीजदुरुस्तीचं दुकान उघडण्यापूर्वी)

तीर्थरूप ओसेईदादा यांस,

थोरल्या भावाला नमस्कार समोर उभं राहून, टोपी काढून करायचा असतो हे मी विसरलेलो नाही. मध्ये विमानाचे साडेसहा तास आहेत (आक्राहून कुमासीची बस वेगळी), म्हणून तो कागदावरूनच घ्यावा. टोपी मात्र काढून ठेवली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही नुसतं ‘गुडघा’ लिहिलंत, डावा आहे हे मला फिलोमिनावहिनींकडून कळलं. दुखण्याची बाजू लिहीत चला दादा, मोघम दुखण्याला मोघमच औषध मिळतं. इकडे मी ठीक. तुमची भावजय कम्फर्ट ठीक आहे, म्हणजे माझ्यावर रोज रागावते.

मोठी आई गेल्याचं कळल्यापासून जेवण गोड लागत नाही. आपल्या आईची ती थोरली बहीण, पण मला चालायला तिनेच शिकवलं आणि पहिली थप्पडही तिचीच (उजव्या गालावर). त्र्याण्णव वर्षं म्हणजे देवाने पदरात भरभरून टाकलं, तरी माणूस जातो तेव्हा वयाचा हिशेब कामी येत नाही. अंत्यविधी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ठरल्याचं समजलं. तोवर तिला ज्या शवागारात ठेवलं आहे तिथलं थंड ठेवायचं यंत्र घरघर करतं, असंही वहिनी म्हणाल्या. घरघर कशी, सलग की थांबून थांबून, ते त्यांना सांगता आलं नाही.

आता मुद्दा. तिच्या अंत्यविधीचं पोस्टर या महिनाअखेरीस छापायला जाणार आणि शोकाकुलांची यादी तुम्ही करताय. त्या यादीत माझ्या लेकीच्या, सेरवाच्या नावाबद्दल एक बारीकशी दुरुस्ती आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून वहिनी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात आणि मग बंतामातली सगळी वस्ती ऐकते. दुरुस्ती अशी एका ओळीत कळायची नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तुम्ही मला फोनवर विचारलंत, ‘क्वाबेना, तुझी मुलगी काय करते? नातवंडांच्या रांगेत लिहायचंय.’ त्याआधी अर्धा मिनिट तुम्हीच मला सांगत होतात की टोरंटोवाल्या भावाची मुलगी फार्मसिस्ट झाली आणि कोफीचा मुलगा विमान चालवतो. आता मी काय सांगणार होतो? सेरवाने त्याच आठवड्यात कायद्याचं शिक्षण सोडलं होतं आणि नाटकं लिहिणार म्हणाली होती. मी म्हटलं, ‘वकील.’ अगदीच खोटं नव्हतं ते. अभ्यास तीन वर्षांचा, तिने दोन पुरी केली होती, म्हणजे ती दोन-तृतीयांश वकील होतीच. पोस्टरवर अपूर्णांक छापायची सोय नसते, एवढाच काय तो दोष.

पोस्टर सुंदर झालं. मी ते चौकटीत बसवून इथे बैठकीच्या खोलीत लावलं. सेरवा घरी आली, त्याच्यासमोर उभी राहिली, आपलं नाव वाचलं, आणि बॅग भरून मैत्रिणीकडे वुलिचला राहायला गेली. आठ महिने आईशी बोलायची, माझ्याशी नाही. फोन मी उचलला की म्हणायची, ‘गुड मॉर्निंग डॅडी, आई आहे का?’ (वेळ संध्याकाळची असली तरी गुड मॉर्निंगच. यावरून तिचा राग किती होता ते कळेल.)

इकडे चर्चमध्ये पोस्टर सगळ्यांनी पाहिलेलं. मदर ओफोरिवा, आमच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाई, एका रविवारी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, ‘घरमालक बॉयलर दुरुस्त करत नाही, तुझ्या वकील लेकीला विचार की रे.’ नाही कसं म्हणणार? मी वाचनालयातून भाडेकरूंच्या कायद्याचं जाड पुस्तक आणलं. ज्या माणसाने जर्मन भाषेतलं फ्रीजचं पुस्तक नुसत्या आकृत्या बघून पाठ केलं, त्याला इंग्रजीतला कायदा काय जड? पंधरा दिवसांत घरमालकाला असं पत्र लिहिलं की त्याने बॉयलर नवा बसवला. ‘सेरवा म्हणते,’ असं सांगून मी सल्ला दिला होता, त्यामुळे दर रविवारी सेरवासाठी खिमा भरलेले गरम मीट पाय येऊ लागले. ते मी खायचो. कम्फर्ट म्हणायची, ‘खोटं बोलून पोट वाढतंय तुमचं, सेरवाचे डॅडी.’

मग कळलं की सेरवाचं नाटक लागलंय, डालस्टनला, एका छोट्या नाट्यगृहात. नाव ‘घरातलं नाव’. आपल्याकडच्या तीन मुलांची गोष्ट. शाळेत एक नाव, घरी दुसरं. बाहेर इंग्रज, आणि दारात चपला काढल्या की घानाचे. मी जाणार नाही असं मी जाहीर केलं. अकरा प्रयोग गेलोही नाही. बाराव्याच्या दिवशी, शनिवारी दुपारी, कम्फर्ट कोट घालून दारात उभी राहिली. ‘तिकिटं दोन आहेत. यायचं तर बूट घाला, नाहीतर बसा त्या फ्रीजशी बोलत.’ मी बूट घातले. नाट्यगृहाच्या दारातच मदर ओफोरिवा भेटल्या. कम्फर्टनेच त्यांनाही बोलावलं होतं. (यात तिचा डाव होता की चांगुलपणा, हे अजून ठरलेलं नाही.)

नाटकातला बाप घड्याळं दुरुस्त करतो. फ्रीज रंगमंचावर चढवायला जड पडतो, असं नंतर समजलं. काम करणारा नट फेमी नावाचा, आणि दादा, तो नायजेरियन! ज्या लोकांचं आपल्याशी जोलोफ भातावरून एकमत होत नाही, त्यांच्यातला माणूस माझ्या घरच्या खुर्चीत बसून बाप झाला होता. तरी खरं सांगतो, काम बरं करत होता. हात पाठीमागे बांधून तो मुलीला म्हणाला, ‘मी कुठल्या शाळेत गेलो नाही, पण मला विचारल्याशिवाय शाळेला उत्तर सापडत नाही,’ तेव्हा सगळं थिएटर हसलं. कम्फर्ट एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते माझंच वाक्य आहे आणि बरोबर आहे.

मग तो प्रसंग आला. मुलगी भिंतीवरच्या पोस्टरसमोर येते. आजोबांचा फोटो, खाली शोकाकुलांची यादी. ती बोट फिरवत वाचते आणि आपल्या नावापाशी थांबते: ‘वकील, लंडन.’ शेजारी मदर ओफोरिवांची मान हळूहळू माझ्याकडे वळल्याचं मला न बघता कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचा तो क्षण. वाटलंही असतं. पण तेवढ्यात माझी नजर पोस्टरच्या मथळ्यावर गेली. आजोबांचं वय शहाऐंशी, आणि वर लाल अक्षरांत छापलेलं: ‘काय हा धक्का!’

दादा, मी प्रयत्न केला. दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. पण तुम्हीच सांगा, शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या पोस्टरवर कुणी ‘काय हा धक्का’ छापतं का? ते अपघातात गेलेल्या पोरासाठी असतं. मी उभा राहिलो. म्हणालो, ‘थांबा! शहाऐंशीव्या वर्षी कसला धक्का? चार वर्षं अंथरुणाला खिळून होते! इथे ‘देवाचं बोलावणं’ पाहिजे!’

फेमी रंगमंचावरून हळूच म्हणाला, ‘काका, बसा ना.’

‘काका कुणाला म्हणतोस? आणि अक्षरं लाल कशी? भरल्या वयात गेलेल्या माणसाला काळं-पांढरं असतं. मला विचारा! त्या पोस्टरसाठी माहिती मी दिलीय!’

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. आणि पाठीमागून, प्रकाशयोजनेच्या कक्षाजवळून, आठ महिन्यांनी पहिल्यांदा सेरवाने मला ‘आई आहे का’ याच्याखेरीज काहीतरी विचारलं. ‘डॅडी,’ ती म्हणाली, ‘त्या पोस्टरवर आणखी काय चुकलंय?’

तपशिलाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नाही. (वर सांगितलेला अपूर्णांक सोडून.) दीडशे माणसं माझ्याकडे वळून बसली होती. मी टोपी काढली आणि म्हटलं, ‘वकील. वकील चुकलंय.’

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं हा नाटकाचाच भाग आहे. एक गोरे गृहस्थ उभे राहून वाजवत होते, ते मला मध्यंतरात म्हणाले की तुमचं काम सगळ्यांत नैसर्गिक झालं. मदर ओफोरिवा तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘मग माझा बॉयलर कुणी आणला रे?’ मी मान खाली घातली. ‘आणि मीट पाय?’ मी आणखी खाली घातली. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

प्रयोग संपल्यावर सेरवा आली. मी म्हटलं, ‘मुली, तुला माहीत नाही का धक्का कधी लिहितात? लहानपणापासून शंभर पोस्टरं पाहिलीस.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे. मुद्दाम लिहिलं. अंधारात तुम्ही आलात की नाही ते मला दिसणार नव्हतं. म्हटलं, चूक टांगून ठेवू. आले असतील तर ओरडतील.’ अकरा प्रयोग तो धक्का तिथे टांगलेला होता दादा, आणि अकराही वेळा कुणी ओरडलं नाही. मी फेमीच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात होतं ते नीट केलं.

आता त्या नाटकाचा चित्रपट झाला आहे, पाऊण तासाचा. चित्रीकरण माझ्याच दुकानात आणि आमच्या स्वयंपाकघरात झालं. मला तपशील तपासायला नेमलं होतं. दिग्दर्शिका हॅरिएट चांगली मुलगी, पण पहिल्याच दिवशी नटीने फ्रीज उघडला, आइस्क्रीमचा डबा काढला, आणि त्यात आइस्क्रीम! मी चित्रीकरण थांबवलं. म्हटलं, ‘बाई, आमच्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात कधी आइस्क्रीम असतं का? त्यात गोठवलेला रस्सा असतो. आमची पोरं अशीच निराश होत होत मोठी झालीत.’ सगळी आफ्रिकन मंडळी जमिनीवर बसून हसायला लागली, फेमीसकट. (रश्श्याच्या डब्याबाबत घाना आणि नायजेरियाचं एकमत आहे. भातावरही होईल एखादे दिवशी.) त्या दिवसात मी चित्रीकरण एकंदर सात वेळा थांबवलं. सेरवा म्हणते नऊ. तिने मोजलेलं चुकीचं आहे.

परवा शेवटची नामावली बघायला दिली. ‘तपशील: क्वाबेना आम्पोन्सा.’ मी विचारलं, दुकानाच्या पाटीवर आहे ते नावाआधीचं इंजिनियर कुठे गेलं? ती म्हणाली, ‘डॅडी, माझंही खरं तेच छापलंय, तुमचंही.’ मी नामावली तशीच परत दिली. दुकान उघडायची वेळ झाली आहे, इथेच थांबतो. फिलोमिनावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला उष्ण शेक (डाव्या).

तुमचा धाकटा भाऊ,
क्वाबेना

ता. क. दुरुस्ती राहिलीच. नातवंडांच्या रांगेत ‘वकील सेरवा’ काढून ‘सेरवा आम्पोन्सा, नाटककार, रंगभूमी व चित्रपट, लंडन’ असं छापावं. ती म्हणाली आहे की मोठ्या आजीला पोचवायला येईन, पण जी आहे ती म्हणून येईन, नाहीतर येणार नाही. आजीवर तिचा फार जीव होता. तिला यायचं आहे दादा, आणि मला तिच्याबरोबर यायचं आहे. टोरंटोवाला हसला तर हसू द्या.

ता. क. २. मथळा ‘देवाचं बोलावणं’. हे मी लिहायला नको, तरी लिहितो.

ता. क. ३. छापणारा म्हणेल की ‘वकील’च्या जागी एवढं सगळं मावत नाही. माझ्या नावाआधीचं ‘इंजिनियर’ काढा, त्याची जागा तिला द्या. माझ्या नावाला नुसतं नाव पुरतं.

ता. क. ४. शवागारातल्या यंत्राची घरघर सलग आहे की थांबून थांबून, ते तुम्ही स्वतः कान लावून लिहा (चांगला कान लावा, उजवा). मी हत्यारं घेऊनच येतोय. तोवर मोठ्या आईच्या त्या यंत्राला कुठल्याही इंजिनियरला हात लावू देऊ नका.