शेवटी दोन शून्य

हुडकेश्वर, नागपूर

ताई,

आधी आईले नमस्कार, त्यातून उरला तर तुले.

मी बरी आहे. रूमवर पंखा, आरसा, खिडकी सारं तिघींत वाटून असते, पण झोप लागते. डबा चांगला असतो, हे आईले सांग.

बाबांनी भिवापुरात आपल्याले लागोपाठच्या नंबरांचे दोन सिम घेतले होते, आठवते? शेवटी दोन शून्य असलेला मी भांडून घेतला. शून्य-एकवाला तू मुकाट्यानं घेतला. काल कॉलेजात सरांनी आपापला मोबाईल नंबर मोठी संख्या समजून तपासायले लावला. माझ्या संख्येले दोनानं भाग जाते, चारानं जाते, पाचानं, दहानं, शंभरानंही जाते. मग मी तुझा नंबर कॉम्प्युटरले दिला. ती मूळ संख्या निघाली वं. एक आणि ती स्वतः सोडली तर कोणानंच भाग जात नाही. साऱ्या वर्गात तशी एकही नव्हती, अन् तुले घरी बसून भेटली.

माझी म्हणे विपुल संख्या आहे, ती स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याहून जास्त भरते. मले नाही पाहिजे ते विपुल.

आईचा खोकला कमी झाला काय? मी विचारते तेव्हा तूच सांगते, "बरी आहे." फोन तुझा, अन् आईही अख्खी तुझीच. म्हणून हे फोनवर न बोलता मामाच्या हाती लिहून पाठवून राहिली.

रविवारी फोन करीन. तो आईले उचलू दे, अन् तू जरा बाहेर जाऊन बस.

तुझीच,
पौर्णिमा