रुमालाखालचा हात

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद वि. वि.

आपल्या शहराच्या व्यापारावरचं तुझं पुस्तक मिळालं. तुझ्या वहिनीने ते गल्लीभर मिरवलं. बावीस वर्षं लोकरबाजारात दलाली करतोय, आणि आता लोक मला तुझा भाऊ म्हणून ओळखतात.

तांडे, जकातनाके, उंटांचे तळ, सगळं झकास. पण नव्वदाव्या पानावर तू लिहितोस, की रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची रीत तांड्यांबरोबर संपली. कालच मी त्याच रीतीने लोकरीच्या चौदा गोणी विकल्या. म्हणजे मी मेलोय, फक्त मला कुणी कळवलं नाही. अरे, समुद्रमार्ग निघाला, तांडे थांबले, राज्यं बुडाली. बोटं थांबली नाहीत. हे शहर तटबंदीवर नाही, तळहातावर जगलं. दुसऱ्या आवृत्तीतून ते वाक्य काढ.

लोभ आहे, पण सध्या मूठ आवळलेली आहे.

तुझा दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

वाक्य काढतो. पण चूक कशी झाली ते ऐक. बाबा तुला शिकवायचे तेव्हा तुझा हात रुमालाखाली असायचा. मी समोर बसून नुसतं कापड हलताना बघायचो. मलाही शिकवा म्हटलं, तर म्हणाले, तुला पुस्तकं आहेत. दहा भाषांच्या व्यापाऱ्यांवर तीनशे पानं लिहिली, पण त्यांची बोटं काय बोलत, हे मला अजून माहीत नाही. जे मला मिळालं नाही ते संपलं, असं लिहून मोकळा झालो. दादा, तुझा हेवा महिन्याभराचा. माझा तीस वर्षांचा.

संग्रहालयाला बाबांचा रुमाल काचेच्या कपाटात ठेवायला हवा आहे. पाठवशील?

मूठ आवळ, पण हात सोडू नकोस.

तुझा धाकटा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एका ताटावरून दोघंही उपाशीच उठले.

बाबांना अक्षर येत नव्हतं. तुला पुस्तकं आहेत, हे ते छाती फुगवून सगळ्या बाजाराला सांगायचे. माझ्या बोटांबद्दल कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

रुमाल पाठवणार नाही. तो काचेमागे गेला, की तुझं वाक्य खरं ठरेल. तूच ये. खुणा एका सकाळीत शिकवतो. पण पहिला सौदा माझ्याशी, भर बाजारात, आणि त्यात मी तुला पार बुडवणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

अंगठी काढून ये, बोटं दाबताना रुतते. बाकीचा लोभ रुमालाखाली.

तुझा दादा