शुक्रवारचा दर

सोमवार, ४ मार्च

कामावर रुजू झाले. टेबल होतं तसंच. खुर्ची मात्र कुणीतरी बदललीय — ही करकरते. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "घाई नव्हती हो यायची." साहेबांनी चहा पाठवला. गार झाल्यावर प्यायले.

हे जाऊन दोन महिने होत आले. तेवढंच काम साचलंय. कुणी वकील येतो, कुणी व्यापारी — अमक्या तारखेला पलीकडच्या देशाचं चलन आपल्या चलनात किती होतं, ते काढून द्यायचं. दोघांचा सरळ दर नाहीच. आपला डॉलरशी, त्यांचा डॉलरशी, मग भागाकार. "अबोला धरलेल्या जावा सासूमार्फत बोलतात, तसं!" हे ह्यांचं वाक्य. चारचौघांत सांगून हसवायचे.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर भागाकार. बरं नाही वाटलं, वाईटही नाही.

गुरुवार, ७ मार्च

कंपनीचा माणूस घरी आला. पलीकडे ज्या सिमेंटच्या कारखान्यात हे कामाला होते, तिथला. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, हळू बोलला. भरपाई मंजूर झालीय, त्यांच्या चलनात. आपल्याला इथे मिळणार ती मृत्यूच्या तारखेच्या दराने. पण तारखा दोन! परांची कोसळली शुक्रवारी, त्याच दिवशी हजेरीतून नाव कमी झालं, म्हणून कारखान्याच्या दाखल्यावर शुक्रवार. दवाखान्याच्या कागदावर रविवार. आणि मधल्या शनिवारी रात्री तिकडच्या सरकारने चलन निम्म्यावर आणलं.

"शुक्रवार म्हणून लिहून द्या. कोण विचारतंय? रविवार धरला तर हातात निम्मंच पडेल."

धाकटे दीर लगेच म्हणाले, "दादाची शुद्ध तर शुक्रवारीच गेली होती. कंपनीतून फोनवर तुम्हीच सांगितलंत. मग शुक्रवारच की!"

आई म्हणाल्या, "शुद्धीवर नव्हता ना माझा मुलगा? मग बरं. कळलं नसेल त्याला काही."

मी कपबशा उचलून आत गेले.

शुक्रवार, ८ मार्च

आईंचं सकाळपासून एकच. मालक ही खोली विकतोय. पूर्ण रक्कम आली तर आपणच घेऊ, नाहीतर मेअखेर बाहेर. "मुलगा गेला. आता डोक्यावरचं छप्परही घालवू का?" खरंच आहे. त्यांचं काय चुकतं?

रविवार, १० मार्च

लिहूनच टाकते. इथे तरी.

त्या शनिवारी दुपारी ह्यांचा फोन आला होता. परक्या नंबरवरून. मी धुणं वाळत घालत होते. "काय दरवाल्या बाई, आजचा भाव काय?" — नेहमीचंच! मी म्हटलं, शनिवार आहे, बाजार बंद, आज दर निघत नाही, कालचाच धरायचा. हसले. मग म्हणाले, जरा लागलंय, पडून आहे. मी चिडले. सांभाळून काम करायला काय होतं तुम्हाला? — हे माझं शेवटचं बोलणं! "आईला लागल्याचं सांगू नकोस," म्हणाले. "एवढंच सांग, तिच्या मऊ चपला घेऊन ठेवल्यात. मापाचा कागद हरवला नव्हता म्हणावं." ज्याचा फोन होता त्याला तो परत हवा होता. ठेवला.

निरोप मी दिला नाही. म्हटलं, आत्ताच आईंकडे गेले तर लागल्याचंही तोंडून निघेल, उद्या बघू. उद्या म्हणजे रविवार. त्यानंतर चपलांचं कुठे बोलणार? आणि आता तर तोंडच बंद. शनिवारी बोलले म्हटलं की शुक्रवार मोडला.

रडू येत नाही.

मंगळवार, १२ मार्च

दराचा दाखला काकांनी काढून दिला. घरचं प्रकरण, माझी सही चालत नाही.

"कुठल्या तारखेचा देऊ?"

"शुक्रवारचा."

विचारतील तेवढंच द्यायचं, ही आमची पद्धत. त्यांनी तेवढंच दिलं. मी दरवहीच्या त्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. साचलेल्या कामात दरवहीतला जानेवारी शेवटी ठेवलाय.

गुरुवार, १४ मार्च

सह्या झाल्या. आधी आई, मग मी. वकिलांनी वाचून दाखवलं — शुक्रवारी मृत्यू, त्यानंतर कुटुंबाशी बोलणं झालेलं नाही. पेन चांगलं चालत होतं. कंपनीच्या माणसाने रविवारचा कागद घडी घालून पाकिटात टाकला.

परत येताना आई म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे."

सोमवार, १८ मार्च

खोलीची बोलणी पक्की होत आलीत. दीर खूश. आई विचारतात, भिंतीला रंग कुठला देऊया? म्हटलं, कुठलाही.

बुधवार, २० मार्च

जानेवारी उघडला. टाळून किती टाळणार! मी रजेवर असताना काकांनी भरलेला, मला फक्त तपासायचा होता.

शुक्रवारचा दर. त्याखाली शनिवार — बंद, शुक्रवारचाच. रविवार — बंद, शुक्रवारचाच. पडलेला दर सोमवारपासून!

बंद दिवशी आदला दर पुढे ओढायचा. झोपेतही सांगेन मी हे. त्या दिवशी फोनवर ह्यांनाच सांगितलं होतं! ज्या दिवशी तो माणूस घरी येऊन बसला, त्या दिवशी का नाही सुचलं? रविवार लिहिला असता तरी तेवढेच पैसे मिळाले असते. पै कमी नाही. मी ह्यांचे दोन दिवस उगाच पुसून टाकले. फुकट!

काका विचारत होते, आकडा चुकलाय का? नाही, म्हटलं, बरोबर आहे. आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. सगळ्यांसमोर. थांबेचना.

गुरुवार, २१ मार्च

आईंना निरोप दिला. चपलांचा.

"कधी म्हणाला?"

"शनिवारी दुपारी."

त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग विचारलं, "हसला होता का गं?"

"हो."

"मग ऊठ. वकिलाकडे जाऊ. खोली गेली तर गेली — रविवार लिहून घेऊ."

दराचं मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.